रुग्णाची निकड आणि बंद दार

बेळगावहून खानापूर, लोंढा व रामनगरमार्गे गोव्याकडे जाणारा रस्ता पुढे अनमोड घाटाच्या अरण्यात शिरतो. धडधाकट प्रवाशास ही वाट रम्य वाटते. परंतु ज्यास देहधर्माचा वेग आवरता येत नाही, अशा रुग्णाचे लक्ष वनशोभेकडे नसते. घाट लागण्यापूर्वी रामनगरास उतरता येईल काय, तेथे कोणी आपले दार उघडील काय, याच विवंचनेत तो असतो.

असे रुग्ण थोडे नाहीत. मधुमेहात रक्तातील वाढलेली साखर लघवीवाटे जाताना शरीरातील पाणीही ओढून नेते. उतारवयात पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी वाढली, की मूत्राशय पुरते रिकामे होत नाही. रक्तदाबावरील काही औषधेच लघवी वाढवितात. आतड्यास सूज आणणाऱ्या क्रोन्स रोगात तर वेग आल्यावर फारसा अवधीच मिळत नाही. बाहेरून मात्र असा मनुष्य निरोगी दिसतो. म्हणून त्याची विनंती लोकांस बहाणा वाटते. नकाराच्या धास्तीने कित्येकजण प्रवासात पाणीच पीत नाहीत आणि मूत्रमार्गाचा दाह, मुतखडा अशा दुखण्यांस वाव देतात.

अमेरिकेत ॲली बेन या क्रोन्सग्रस्त १४ वर्षांच्या मुलीस एका दुकानात नोकरांचे शौचालय वापरू दिले गेले नाही. तिने दाद मागितली आणि २००५ साली इलिनॉय राज्याने कायदा केला. जवळ सार्वजनिक शौचालय नसेल, दुकानात किमान ३ नोकर कामावर असतील व सुरक्षिततेस धोका नसेल, तर अशा ग्राहकास आतील शौचालय वापरू द्यावे, असा हा कायदा आहे. नवे बांधकाम त्यात नाही. आहे ते दार उघडणे, एवढेच आहे.

आपल्याकडेही पावले पडत आहेत. दक्षिण दिल्ली महापालिकेने २०१७ साली उपाहारगृहांतील शौचालये फार तर ५ रुपये आकारून सर्वांस खुली करण्यास सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने १५ जानेवारी २०२५ रोजी न्यायालयांतील स्वच्छतागृहांविषयी निकाल देताना ही सोय घटनेच्या २१व्या कलमातील जीविताच्या हक्कात मोडते, असे स्पष्ट केले.

तथापि प्रत्येक थांब्यावर कायदा पोहोचत नाही. तेथे दुकानदार, खानावळवाले व गृहस्थ असतात. तहानलेल्यास पाणी देताना कोणी त्याच्या तहानेचे कारण विचारीत नाही. या निकडीच्या वेळीही रोगाचे नाव चारचौघांत न विचारता कडी काढून द्यावी, हाच खरा शेजारधर्म होय.