सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेतील उपकरणे

सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेतील उपकरणे म्हणजे जीवाणू, बुरशी, यीस्ट इत्यादी सूक्ष्मजीव वाढविण्यासाठी, एकमेकांपासून वेगळे करण्यासाठी, पाहण्यासाठी व मोजण्यासाठी वापरली जाणारी साधने होत. हवा, पाणी, कामाचे मेज आणि काम करणाऱ्याचे हात या सर्वांवर सूक्ष्मजीव असतात. त्यामुळे यांपैकी बहुतेक उपकरणांचे कार्य दुहेरी असते : नको असलेले जीव संवर्धनात शिरू न देणे आणि संवर्धनातील जीव बाहेर पसरू न देणे.

ऑटोक्लेव्ह

दाबाखालील वाफेने निर्जंतुकीकरण करणारे हे पात्र प्रयोगशाळेतील सर्वांत महत्त्वाचे उपकरण मानले जाते. लुई पाश्चर यांचे सहकारी शार्ल शांबरलां यांनी ते १८७९ मध्ये तयार केले. त्याचे तत्त्व घरातील प्रेशर कुकरचेच आहे. उघड्या भांड्यातील पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते आणि त्या तापमानात काही जीवाणूंचे बीजाणू तग धरू शकतात. वातावरणीय दाबापेक्षा दर चौरस इंचास १५ पौंड अधिक दाब दिल्यास वाफेचे तापमान १२१ अंशांपर्यंत जाते. या तापमानात साधारण १५ मिनिटांत बीजाणूही नष्ट होतात. मात्र मोठ्या फ्लास्कमधील माध्यम आतपर्यंत तापण्यास वेळ लागत असल्याने त्यासाठी अवधी वाढवावा लागतो.

नवशिक्यांची चूक बहुधा दाबमापकावर विसंबल्याने होते. सूक्ष्मजीव मरतात ते उष्णतेने, दाबाने नव्हे. पात्रातील हवा बाहेर न काढता झडप बंद केल्यास मापकाचा काटा १५ पौंड दाखवितो, पण हवा व वाफ यांच्या मिश्रणाचे तापमान कमीच राहते. निम्मी हवा आत राहिली तर ते सुमारे ११२ अंशच असते. म्हणून झडपेतून वाफेचा अखंड झोत येऊ लागेपर्यंत ती उघडी ठेवतात. पात्रात सामान खच्चून भरल्यासही वाफ सर्वत्र पोहोचत नाही. सामानावर लावलेल्या पट्टीचा रंग बदलला तर ते सामान तापले एवढेच कळते, ते निर्जंतुक झाले असे सिद्ध होत नाही. त्याची खात्री करण्यासाठी जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या उष्णतारोधी जीवाणूचे बीजाणू सामानासोबत ठेवतात व नंतर ते वाढतात का हे पाहतात.

कोरडी उष्णता व गाळणी

काचेची भांडी, तेले व पावडरी उष्ण हवेच्या भट्टीत (हॉट एअर ओव्हन) १६० अंशांवर दोन तास ठेवतात. कोरडी हवा वाफेइतक्या वेगाने उष्णता देत नाही, म्हणून येथे तापमानही अधिक लागते आणि वेळही. रक्तद्रव, काही जीवनसत्त्वे यांसारखे उष्णतेने बिघडणारे द्रव ०.२२ मायक्रोमीटर छिद्रांच्या पटलगाळणीतून गाळतात. या छिद्रांत बहुतेक जीवाणू अडतात, विषाणू मात्र पार जाऊ शकतात.

ज्योत, निवेशन तार व चिमटा

एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात सूक्ष्मजीव नेण्यासाठी टोकाला कडी असलेली निक्रोमची किंवा प्लॅटिनमची तार वापरतात. प्रत्येक वापरापूर्वी व वापरानंतर ती बन्सन ज्योतीत लाल होईपर्यंत तापवितात. ओली तार एकदम तीव्र ज्योतीत धरल्यास जिवंत पेशींचे थेंब उडतात. म्हणून ती आधी ज्योतीच्या तुलनेने थंड भागात वाळवितात. ती गार होऊ न देता वापरल्यास उचललेले जीव तारेवरच मरतात.

ही क्षुल्लक भासणारी कृती किती महत्त्वाची आहे, हे मुंबईशी संबंधित एका घटनेवरून दिसते. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ जणांना प्लेगची लस टोचण्यात आली. ही लस वाल्डेमार हाफकिन यांच्या मुंबईतील प्रयोगशाळेत बनलेली होती. एकाच बाटलीतून लस मिळालेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. निर्जंतुकीकरणाच्या पद्धतीत मुंबईत केलेल्या बदलावर संशय घेतला गेला आणि हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. पुढील छाननीत लक्ष गावातील टोचणीच्या जागेकडे वळले. तेथे सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करताच बाटलीचे बूच काढण्यासाठी वापरला गेला होता. धनुर्वाताच्या जीवाणूंचे बीजाणू मातीत असतात. हाफकिन १९०७ मध्ये दोषमुक्त ठरले. त्यांच्या प्रयोगशाळेस १९२५ मध्ये हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले. ही संस्था परळ येथे आहे.

पेट्री बशी व इन्क्यूबेटर

रॉबर्ट कॉख यांचे सहायक युलिउस रिखार्ड पेट्री यांनी १८८७ मध्ये झाकणाची उथळ बशी वर्णिली. तिच्यात ओतावयाचे माध्यम पूर्वी जिलेटिनने घट्ट करीत. पण ते ३७ अंशांवर वितळे आणि कित्येक जीवाणू ते पचवूनही टाकीत. फॅनी हेसे यांनी १८८१–८२ च्या सुमारास समुद्रशैवालापासून मिळणारा अगर सुचविला आणि ही अडचण दूर झाली.

बशा इन्क्यूबेटरमध्ये उपड्या ठेवतात, कारण झाकणावर जमलेल्या पाण्याचे थेंब माध्यमावर पडल्यास वेगवेगळ्या वसाहती एकमेकींत मिसळतात. मानवी शरीरातील रोगकारक जीवाणूंसाठी ३७ अंश, तर अनेक बुरशींसाठी २५ ते २८ अंश तापमान ठेवतात.

वायुप्रवाह कक्ष

लॅमिनार एअर फ्लो आणि जैवसुरक्षा कक्ष ही दोन उपकरणे दिसायला सारखी असल्याने त्यांत गल्लत होते, आणि ती धोकादायक ठरू शकते. दोन्हींत हेपा गाळणी असते व ती ०.३ मायक्रोमीटर आकाराचे किमान ९९.९७ टक्के कण अडविते. परंतु आडव्या प्रवाहाच्या लॅमिनार कक्षात स्वच्छ हवा नमुन्यावरून वाहत थेट काम करणाऱ्याच्या तोंडाकडे येते. त्यात नमुना सुरक्षित राहतो, माणूस नाही. वनस्पती ऊतिसंवर्धनास हा कक्ष योग्य होय. क्षयरोगासारख्या रोगाचे नमुने त्यात कधीही उघडू नयेत. दुसऱ्या वर्गाच्या जैवसुरक्षा कक्षात समोरील फटीतून हवा आत खेचली जाते आणि बाहेर सोडण्यापूर्वी गाळली जाते, त्यामुळे दोघांचेही रक्षण होते.

सूक्ष्मदर्शक व मोजणी

जीवाणू पाहण्यासाठी १०० पट वस्तुभिंग व १० पट नेत्रभिंग मिळून १००० पट विवर्धन वापरतात. वस्तुभिंग व काचपट्टी यांमध्ये काचेइतकाच अपवर्तनांक असलेल्या तेलाचा थेंब घालतात. तो नसल्यास प्रकाश हवेत वळून भिंगाबाहेर जातो आणि प्रतिमा धूसर होते. काम संपल्यावर हे तेल पुसणे आवश्यक असते.

जिवंत जीवाणू मोजण्यासाठी नमुना टप्प्याटप्प्याने विरल करून बशीवर पसरतात आणि वसाहतगणकावर वसाहती मोजतात. साधारणतः ३० ते ३०० वसाहतींची बशीच ग्राह्य धरतात. वर्णपटप्रकाशमापी (स्पेक्ट्रोफोटोमीटर) द्रवाच्या गढूळपणावरून क्षणात अंदाज देतो. मात्र त्याला जिवंत व मृत पेशींतील फरक कळत नाही.

साठवण व विल्हेवाट

नेहमीच्या वापरातील संवर्ध ४ अंशांच्या शीतपेटीत ठेवतात. दीर्घकाळासाठी ते उणे ८० अंशांवर किंवा गोठवून निर्जलित करून जपतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा असा राष्ट्रीय संग्रह आहे. वापरलेल्या बशा व नळ्या धुण्यापूर्वी किंवा टाकण्यापूर्वी पुन्हा ऑटोक्लेव्हमध्ये घालतात. शक्य असेल तेथे माध्यमे व कचरा यांसाठी वेगवेगळी यंत्रे ठेवली जातात.