भाकरी चालेल, पण पिठी कशाची?

अंबाजोगाई-परळीच्या सहलीत वर्गातल्या एखाद्या मुलीला सीलिअ‍ॅक विकार असेल, तर खानावळीत तिला काय द्यावे? गव्हातील ग्लुटेन या प्रथिनामुळे अशा मुलांच्या लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते. त्यावर औषध नाही. ग्लुटेन जन्मभर टाळायचे, एवढेच.

बीड ज्वारीचा मुलूख, म्हणून आपण निर्धास्त असतो. ज्वारीत ग्लुटेन नसते, हे खरेच. त्यामुळेच तिचे पीठ कणकेसारखे ताणले जात नाही. ते गरम पाण्यात मळून भाकरी थापावी लागते. पण थापताना खाली पसरलेली पिठी गव्हाची असली तर? ‘ग्लुटेनमुक्त’ पदार्थासाठी आपल्याकडे किलोला २० मिलिग्रॅम ग्लुटेनची मर्यादा आहे. म्हणजे १०० ग्रॅमच्या भाकरीत फक्त २ मिलिग्रॅम. कणकेत साधारण दहावा हिस्सा ग्लुटेन धरला, तर २० मिलिग्रॅम कणीक पुरे. चिमूट त्याहून कितीतरी मोठी! (हे गणित मुलांकडूनच करून घ्यावे.) पोळीचा तवा, पुरीचे तेल यांचेही तेच.

पिठले बेसनाचे, पण फोडणीतल्या डबीबंद हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते. परळीत वैजनाथाच्या दर्शनाला येणाऱ्यांसाठी मिळणारी उपवासाची भगर किंवा साबुदाण्याची खिचडी त्या मानाने बरी. तिच्यात गहूही नाही, हिंगही नाही.

खानावळीत ‘ग्लुटेन’ हा शब्द उच्चारून फारसे काही हाती लागत नाही. सरळ चुलीपाशी जाऊन विचारावे : मावशी, पिठी कशाची? तवा वेगळा आहे का? हिंगाची डबी दाखवता?