जमिनींतील अमीबा व शेतकरी

आपण शेतांत नांगर, कुळव व पाभर चालवितों. परंतु त्याच जमिनींत डोळ्यांस न दिसणारी दुसरी एक वस्ती अहोरात्र राबत असते, तिकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. त्या वस्तींतील अमीबा नामक जीवाची ओळख वाचकांस करून देण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

अमीबा हा एकपेशीय जीव होय. इ. स. १७५५ मध्यें जर्मनींतील रोझेल यांनीं अशा जीवाचें प्रथम वर्णन केलें. त्यास तोंड नाहीं, पाय नाहींत, ठरीव आकारहि नाहीं. अंगांतील जीवरस ज्या दिशेस वाहूं लागतो, त्या दिशेस शरीराचा फांटा पुढें येतो. त्यास छद्मपाद म्हणतात. त्याच्या योगानें तो सरकतो व भक्ष्यास वेढून घेतो. गिळलेलें भक्ष्य एका पोकळींत पाचकरसानें विरघळतें, आणि उरलेला चोथा बाहेर टाकला जातो. वाढ पुरी झाली म्हणजे एकाचे दोन होतात.

ह्याचे प्रकार पुष्कळ. डबक्यांतील प्रोटियस सुमारें अर्धा मिलिमीटर भरतो व शेवाळ आणि बारीक जीव खातो. डिफ्लुजिआ वाळूचे कण जोडून स्वतःभोंवतीं कवच रचतो. मातींतील जाती फारच लहान असून त्या मुख्यतः जंतूंवर जगतात. ओल आटली म्हणजे कांहीं जाती कठीण कोष करून स्वस्थ पडतात व ओल येतांच पुन्हां जाग्या होतात.

हे जंतु खाणारे जीव पिकास घातक कीं उपकारक? इंग्लंडांतील रोथॅमस्टेड येथें रसेल व हचिन्सन यांनीं १९०९ मध्यें ते घातक असावेत असें मत मांडलें. पुढें कटलर व त्यांचे सहकारी यांनीं एका शेतांतील मातीची सतत ३६५ दिवस मोजणी करून १९२२ मध्यें दाखविलें कीं, अमीबा वाढले म्हणजे जंतु घटतात व अमीबा घटले म्हणजे जंतु वाढतात. मात्र पुढील संशोधनानें घातकतेचा निर्णय फिरला. जंतु जमिनींतील नत्र आपल्या शरीरांत अडकवून ठेवतात. अमीबा त्यांस खाऊन स्वतःस नको असलेला नत्र अमोनियारूपानें सोडतो, व तो मुळांस मिळतो. अडकलेली बाकी मोकळी करणारा हा कारभारीच म्हणावयाचा. परंतु शेणखत व पालापाचोळा नसेल तर जंतु कमी, आणि जंतु कमी तर त्याचेंहि काम थोडें.

ह्याच कुळासारखा एक जीव मात्र आपला वैरी आहे. एन्टअमीबा हिस्टोलिटिका मनुष्याच्या मोठ्या आंतड्यांत राहतो. त्यापासून रक्ती आंव व कधीं यकृतांत गळूं होतें. १८७५ मध्यें सेंट पीटर्सबर्ग येथें लॉश यांस तो ज्या रोग्याच्या मळांत आढळला, तो शेतकरीच होता. पुष्कळांस कांहींच त्रास होत नाहीं, तरी त्यांच्या मळांतून कोष बाहेर पडतात व ओलसर जागीं दीर्घकाळ टिकतात. म्हणून कच्चें सोनखत भाजीपाल्यास कदापि घालूं नये. तें खड्ड्यांत नीट तापून कुजूं द्यावें. शौचकूप विहिरीपासून दूर असावा. नेहमींच्या प्रमाणांत घातलेल्या क्लोरिननें हे कोष मरतीलच असें नाहीं; पाणी उकळणें हाच खात्रीचा उपाय. जेवणापूर्वीं साबणानें हात धुवावे.

तात्पर्य, शेतांतील अमीबास सेंद्रिय खताचा आश्रय द्यावा, आणि आंतड्यांतील अमीबास घरांत शिरण्यास वाट ठेवूं नये.