व्हॅनमधली जाळी कशासाठी?

पनवेल-कळंबोली-तळोजा पट्ट्यात प्लंबर, इलेक्ट्रिशियन, एसी दुरुस्तीवाले यांच्या ईको आणि जुन्या ओम्नी दिवसभर फिरतात. पुढे माणसं, मागे ड्रिल, सिलिंडर, हत्यारांची लोखंडी पेटी. मधली आडभिंत (चालक आणि सामान यांच्यामध्ये बसवलेली जाळी किंवा पत्रा) म्हणजे सामान आवरून ठेवायची सोय, असं बरेच जण धरून चालतात. पेटी जड आहे, ती कशाला हलतेय, हा त्यामागचा हिशोब. रोजच्या खड्ड्यांपुरता तो खराही ठरतो.

पण धडक बसली की गाडी थांबते, पेटी थांबत नाही. जडत्वामुळे (आहे त्याच वेगाने पुढे जात राहण्याचा वस्तूचा गुण) ती तशीच पुढे येते. ताशी ५० किलोमीटरला तिचा मारा सुमारे १० मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून टाकलेल्या पेटीइतका असतो. वेग १०० झाला की ही उंची दुप्पट नव्हे, चौपट होते; आणि पुण्याचा द्रुतगती मार्ग कळंबोलीतूनच सुरू होतो. सीटबेल्ट चालकाला धरतो, पेटीला नाही.

जाळी सीटच्या पाठीला तारेने बांधून भागत नाही, ती गाडीच्या सांगाड्याला बोल्टने कसावी लागते. प्लायवूड तर नकोच. मागचं दिसत नाही आणि धडकेत ते फुटतं. बसवण्याआधी आरटीओत विचारलेलं बरं. जाळी असली तरी पेटी पट्ट्याने बांधायचीच. खरी अडचण लांब पाइपांची: दोन सीटांमधून ते पुढे सरकवता येत नाहीत, टपावर कॅरिअर लावावा लागतो.