डोरेमॉन टीव्हीवर मधूनच का सुरू झाला?

समजा, नव्या मालिकेचा पहिलावहिला भाग बघायला तुम्ही बसलात. आणि त्यात एक निळं, बिनकानाचं यंत्रमांजर घरात खुशाल वावरतंय! ते कुठलं, कधी आलं, कशाला आलं, कोणी काही सांगतच नाही.

जपानमध्ये 2 एप्रिल 1979 ला अगदी असंच झालं. त्या दिवशी टीव्ही आसाहीवर डोरेमॉनची मालिका सुरू झाली. पहिली गोष्ट होती नोबिता नावाच्या मुलाच्या चिमुकल्या गावाची. कॅमेऱ्याने घराचा फोटो काढला की तस्संच इवलंसं घर तयार! मग एका बोगद्यातून जाऊन आपणही इवलंसं व्हायचं आणि त्या गावात हुंदडायचं. गोष्ट झकास, पण डोरेमॉन आला कसा, याचा त्यात पत्ताच नाही.

तो पत्ता कॉमिकमध्ये आहे. नव्या वर्षाचा पहिला दिवस. नोबिता आरामात बसलाय. इतक्यात कुठूनसा आवाज येतो, की अर्ध्या तासाने तू लटकणार आहेस! बापरे! खोलीत तर कोणी नाही. आणि मग टेबलाचा ड्रॉवर उघडतो. (नोबिता खरंच लटकतो बरं का, पण झाडाच्या फांदीला.)

कागदावर हा आवाज कसा असतो? जाड, घोगरा, की चिरका? तुम्ही ठरवाल तसा! त्या चौकटीवर हवं तेवढं थांबा, घाबरा, मगच पुढे जा. टीव्हीवर हे जमत नाही. तिथे कोणाचा तरी खरा गळा लागतो. डोरेमॉनला तो नोबुयो ओयामा या अभिनेत्रीने दिला, 1979 पासून थेट 2005 पर्यंत. शिवाय गोष्टीच्या आधी शीर्षकगीतात डोरेमॉन नाचून जातो. मग ड्रॉवरमधून कोण येणार, हे गुपित उरलं कुठे?

मला वाटतं, मालिकावाल्यांनी शहाणपणाच केला. कॉमिक 1969 च्या डिसेंबरपासून येत होतं, 1974 पासून त्याची पुस्तकंही निघत होती. 1973 मध्ये एक मालिका येऊन सहा महिन्यांत बंदसुद्धा पडली होती. घरच्याच माणसाची नव्याने ओळख कशाला करून द्यायची?

आणि कॉमिकची तरी सुरुवात एकच आहे का? छे! डोरेमॉन एकाच वेळी सहा मासिकांत सुरू झाला. बालवाडीपासून चौथीपर्यंतच्या मुलांची ही वेगवेगळी मासिकं. म्हणून फुजिमोतोंनी, म्हणजे फुजिको एफ. फुजिओ या नावाने चित्रं काढणाऱ्या लेखकाने, पहिली गोष्ट सहा वेळा रचली. लहानग्यांसाठी सोपी आणि आटोपशीर, मोठ्यांसाठी जास्त खोड्यांची.

याहून भारी गंमत कॉमिक सुरू होण्याच्या आदल्या महिन्याच्या जाहिरातीत आहे. तिच्यात उघडा ड्रॉवर आहे, दचकलेला मुलगा आहे, पण डोरेमॉन नाही! उत्सुकता वाढवायची युक्ती? नाही हो. ड्रॉवरमधून काय काढायचं, हे खुद्द लेखकालाच सुचलेलं नव्हतं. अंक द्यायची वेळ आली, तरी हे महाशय मांजराच्या पिसवा काढत बसलेले. शेवटी सकाळी धावपळीत ते मुलीच्या बाहुलीला अडखळले. ढकललं तरी पुन्हा उभी राहणारी गोल बाहुली होती ती. मांजर अधिक गोल बाहुली. झाला डोरेमॉन! ही हकिकत त्यांनी स्वतःच पुढे कॉमिक काढून सांगितली आहे.