जुन्या संगणकाचा नकार

संगणकाच्या सुरक्षेसाठी धाडलेली दुरुस्ती, जिला आपण सर्वजण ‘अपडेट’ म्हणतो, ती यंत्राने नाकारली आणि पडद्यावर एक अनाकलनीय क्रमांक तेवढा उमटला, म्हणजे सामान्य मनुष्य एक तर अपडेटचा नाद कायमचा सोडून देतो, अथवा कोणाच्या तरी सल्ल्यावरून ‘फॉरमॅट मारून’ वर्षानुवर्षांच्या दप्तराला मुकतो. वस्तुतः यंत्राच्या या नकाराला बहुधा सयुक्तिक कारण असते आणि ते शोधण्यास तज्ज्ञाच्या बुद्धीपेक्षा सावकाशपणाच अधिक लागतो, हे विंडोज ७ या अद्यापि अनेक घरांत व कचेऱ्यांत नांदणाऱ्या प्रणालीच्या उदाहरणावरून ध्यानी येईल.

दुरुस्तीची हयगय किती महाग पडते, याचा दाखला २०१७ सालाने दिला. फायलींची देवाणघेवाण करणाऱ्या विंडोजच्या यंत्रणेत एक दोष होता व त्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च रोजी प्रसिद्ध केली होती. तरीही १२ मे रोजी वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर प्रोग्राम त्याच दोषातून जगभर शिरला, ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांना रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या, आणि बाधित संगणकांत विंडोज ७ चे संगणकच बहुसंख्य होते. पुढच्याच महिन्यात, त्या दोषाचाही उपयोग करणाऱ्या नॉटपेट्या या दुसऱ्या विघातक प्रोग्रामने मर्स्क या जहाज कंपनीला ग्रासले, तेव्हा त्याची झळ न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलपर्यंत पोहोचली.

आता नकाराचे प्रमुख कारण पाहू. प्रत्येक अपडेटवर निर्मात्याची सांकेतिक मोहोर असते, आणि जसा सबरजिस्ट्रार मोहोर पटल्याशिवाय दस्तऐवज दाखल करून घेत नाही, तसा संगणकही ती पटल्यावाचून अपडेट स्वीकारीत नाही. ही मोहोर पूर्वी एसएचए-१ या गणिती पद्धतीवरही उठविली जात असे. परंतु फेब्रुवारी २०१७ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या गणितसंस्थेने व गूगलने भिन्न मजकुराच्या दोन फायलींना एकच एसएचए-१ खूण मिळवून दाखविली आणि त्या पद्धतीचा भरवसा उरला नाही. सबब ऑगस्ट २०१९ पासून विंडोज ७ चे अपडेट एसएचए-२ या बळकट पद्धतीनेच मोहोरबंद होऊ लागले. ज्या संगणकाला ही नवी मोहोर ओळखण्याची विद्या अगोदर दिलेली नव्हती, तो अस्सल अपडेटही परत पाठवू लागला. ‘८००९२००४’ या चूक-क्रमांकामागील सर्वपरिचित कारण हेच. पुढे २०२० मध्ये जुन्या पद्धतीचे अपडेट-सर्व्हरही बंद झाल्यामुळे, नव्याने विंडोज ७ घातलेल्या संगणकाला अपडेटचा शोध घेणेच दुरापास्त झाले.

यावरील उपाय क्रमाने करावयाचा आहे. प्रथम ‘सर्व्हिस पॅक १’ असल्याची खातरजमा करावी. नंतर मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगमधून केबी ४४९०६२८, म्हणजे अपडेट बसविणाऱ्या यंत्रणेचीच सुधारणा, आणि त्यामागून केबी ४४७४४१९, म्हणजे एसएचए-२ ची ओळख, हे दोन अपडेट हाताने उतरवून घ्यावेत. आपली प्रणाली ३२ बिटची की ६४ बिटची हे अगोदर पाहावे, कारण एकीची फाइल दुसरीला लागू पडत नाही. हे दोन्ही बसवून संगणक रीस्टार्ट केल्यावर जानेवारी २०२० चा मासिक संच, केबी ४५३४३१०, बसवावा. हे मासिक संच ऑक्टोबर २०१६ पासून संचयी असल्याने मधल्या प्रत्येक महिन्याचा संच स्वतंत्रपणे शोधण्याचे श्रम वाचतात.

इतके करूनही अडले, तर साध्या कारणांकडे वळावे. मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी संपली की संगणकाची तारीख कित्येक वर्षे मागे जाते, आणि ज्याच्या लेखी आजचा दिवस उगवलेलाच नाही, त्याला सर्व्हरचे प्रमाणपत्र मुदतीतले कसे वाटावे? म्हणून तारीख तपासावी. हार्ड डिस्कवर मोकळी जागा आहे की नाही तेही पाहावे. अर्धवट उतरलेल्या फायलींचा संशय असल्यास ‘विंडोज अपडेट’ ही सेवा थांबवून, विंडोजच्या फोल्डरातील ‘सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन’ या फोल्डरचे नाव बदलावे व सेवा पुन्हा चालू करावी. संगणक ते फोल्डर नव्याने निर्माण करतो, पूर्वी बसलेल्या अपडेटना धक्का लागत नाही, दिसेनाशी होते ती त्यांच्या इतिहासाची यादी. मात्र या सर्व खटपटीपूर्वी आपल्या दस्तऐवजांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेणे, ही गोष्ट ऐच्छिक समजू नये.

एका मोहापासून मात्र कटाक्षाने दूर राहावे. मोहोर तपासण्याची व्यवस्थाच बंद पाडणारी साधने आणि कोणा अनोळखी ठिकाणचे ‘तयार’ अपडेट संच सहज मिळतात. परंतु ज्या तपासणीने अस्सल अपडेट क्षणभर अडविला, तीच उद्या बनावट अपडेट अडविणार असते, आणि ती मोडून बसविलेली सुरक्षा ही सुरक्षाच नव्हे.

शेवटी या मार्गाची मर्यादाही मान्य केली पाहिजे. विंडोज ७ ची विनामूल्य दुरुस्ती १४ जानेवारी २०२० रोजी थांबली आणि संस्थांसाठी पैसे देऊन वाढविलेली मुदतही १० जानेवारी २०२३ रोजी संपली. तदनंतर उघडकीस आलेले दोष वरील उपायांनी बुजत नाहीत. तेव्हा जुने मापनयंत्र वा हिशेबाचे जुने सॉफ्टवेअर यांसाठी हा संगणक ठेवणे प्राप्तच असेल, तर उपलब्ध अपडेट बसवून त्याचे इंटरनेट तोडावे आणि बँकेचे व्यवहार व पत्रव्यवहार नव्या प्रणालीवर न्यावेत. यंत्र पेलत असल्यास चालू मुदतीची विंडोज, नाही तर जुन्या यंत्रावरही चालणारी एखादी हलकी लिनक्स प्रणाली बसवावी. विंडोज १० चीही सर्वसाधारण मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली असल्याने, ही तजवीज आता पुष्कळ घरांना करावयाची आहे. आणि दुरुस्तीची मुदत पूर्वीच जाहीर होत असल्यामुळे ही तजवीज वेळेवर करणे आपल्याच हाती आहे.