मोरीचं भोक छताजवळ!

कळंबोलीत सकाळी खिडकीच्या कठड्यावरून बोट फिरवून बघा. काळं झालं ना? लोखंड बाजारात जाणारे ट्रेलर, पुण्याकडे सुटणारा द्रुतगती मार्ग, पलीकडे तळोज्याचे कारखाने. धुळीला इथे काय तोटा! तीच धूळ रात्रभर तुमच्या नाकातही शिरली. मग गेली कुठे?

शेंबडात अडकली. शी म्हणू नका! नाक आणि भोवतीच्या हाडांतल्या पोकळ्या मिळून दिवसाला लिटरभराच्या आसपास असा चिकट द्रव करतात आणि त्यातला बहुतेक आपण नकळत गिळतो. (आता म्हणा शी.)

ह्या पोकळ्या म्हणजेच सायनस. मोठी माणसं 'मला सायनस आहे' असं कण्हत सांगतात, पण सायनस सगळ्यांनाच असतात. गालात, डोळ्यांच्या मधे, कपाळात आणि पार आत कवटीच्या मध्यावर, अशा चार जोड्या.

खरी गंमत गालातल्या खोलीत आहे. तिच्या मोरीचं भोक जमिनीलगत नाही, वर छताजवळ! मग शेंबूड वर चढतो कसा? भिंतींवर अगदी सूक्ष्म लव असते. ती सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलते आणि चिकट थर भोकाकडे ढकलत नेते. पूर्वी डॉक्टर खाली नवं भोक पाडून द्यायचे. पण लव महाहट्टी! ती नव्या भोकाला वळसा घालून जुन्याकडेच चढायची. ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या डॉ. मेसरक्लिंगर यांनी नाकात बारीक दुर्बीण घालून ह्या वाटा शोधल्या. आता शस्त्रक्रिया करायची वेळ आलीच, तर मूळचंच भोक मोकळं करतात.

ते भोक असतं जेमतेम काही मिलिमीटरचं. धुळीच्या ॲलर्जीने अस्तर सुजलं की बुजलंच. सिगारेटच्या धुराने लव मंदावते. कुणाच्या नाकाचा पडदा वाकडा, कुणाच्या नाकात सोललेल्या द्राक्षासारखे मऊ कोंब. त्रास बारा आठवड्यांपुढे गेला, की डॉक्टर त्याला जुनाट म्हणतात.

आमच्या काकांचा तर सहा महिने चालला. फक्त डावा गाल जड, वर घाण वास. रोज वाफारा, रोज ट्रकवाल्यांच्या नावाने शिमगा. शेवटी एक्स-रेत चोर सापडला: वरची किडलेली दाढ! तिची मुळं गालातल्या खोलीच्या अगदी तळाशी असतात, तिथूनच पू वर शिरला होता.

दाढ काढली, गाल हलका झाला. काका मात्र अजून ट्रेलर दिसला की नाकाला रुमाल लावतात. दाढेबद्दल चकार शब्द नाही.